दोन सरासऱ्यांतला फरक खरा की योगायोग?

अंबरनाथच्या प्राचीन शिवमंदिराजवळून वाहणारी वालधुनी पुढे उल्हासनगरात शिरते. दोन्ही ठिकाणी पाण्यात विरघळलेला प्राणवायू मोजला, असे समजू. (आकडे केवळ उदाहरणादाखल; मिलिग्रॅम प्रतिलिटर)

■ मंदिराजवळ: ६.१, ५.४, ६.६, ५.९, ६.० (सरासरी ६.०)

■ उल्हासनगर: ५.२, ६.३, ४.६, ५.९, ५.५ (सरासरी ५.५)

■ शून्य गृहीतक: दोन्हीकडची खरी सरासरी सारखीच आहे, दिसतो तो फरक नमुन्यांच्या चढउताराचा.

■ टी-मूल्य: सरासऱ्यांतला फरक भागिले त्या फरकाची प्रमाण त्रुटी (नमुन्यांच्या चढउतारामुळे तो फरक साधारण किती हलू शकतो, याचे माप). इथे ०.५ ÷ ०.३५ = १.४३.

■ निकाल: पाच-पाच नमुने असताना, ५ टक्के पातळीवर (खरा फरक नसतानाही तो आहे असे म्हणण्याची जोखीम ५ टक्के), टी-मूल्याने २.३१ ओलांडावे लागते. म्हणजे फरक सिद्ध झाला नाही. पण ‘पाणी सारखेच आहे’ हेही सिद्ध झालेले नाही. एवढ्या थोड्या नमुन्यांवरून ठरवता येत नाही, एवढाच त्याचा अर्थ.

■ जनक: डब्लिनच्या गिनेस मद्यनिर्मिती कारखान्यातले विल्यम गॉसेट. १९०८ मध्ये त्यांनी ‘स्टुडंट’ या टोपणनावाने या पद्धतीचा पाया घातला.

एका बाटलीवरून नदीचा निवाडा करू नका. नमुने वाढवा, वेगवेगळ्या दिवशी घ्या आणि मगच बोला.