कानात पीसीआर, ओठांवर निफ्टी

सकाळी 9 वाजून 15 मिनिटांनी आपला शेअर बाजार उघडतो आणि दुपारी साडेतीनला बंद होतो. मधल्या सव्वासहा तासांत बिझनेस चॅनेलच्या अँकर आणि रिपोर्टर मंडळींना उसंत नसते. समोर कॅमेरा, बाजूला भावांचा स्क्रीन, कानात पीसीआरमधून, म्हणजे प्रॉडक्शन कंट्रोल रूममधून, प्रोड्युसरच्या सूचना, आणि तोंडाने मात्र शांतपणे आकडे सांगायचे. इतर बातम्यांत शब्द घसरला तर दिलगिरीवर निभावतं. इथे एक शून्य इकडचं तिकडे झालं, तर कुणाच्या तरी खिशाला चाट बसते. म्हणून या मंडळींबद्दल मनापासून आदर वाटतो. त्यांच्या दुनियेतल्या या काही चटकदार गोष्टी.

सुरुवात अमेरिकेत
अमेरिकेत 'फायनान्शियल न्यूज नेटवर्क' 30 नोव्हेंबर 1981 रोजी सुरू झालं. पैशाच्या बातम्यांना वाहिलेलं चॅनेल ही तेव्हा नवलाईच होती. पुढे 17 एप्रिल 1989 ला सीएनबीसी आलं आणि दोनच वर्षांत, 1991 मध्ये, त्याने हे जुनं नेटवर्क विकत घेतलं. जुन्या नेटवर्कवरून सीएनबीसीत आलेल्या सू हरेरा या नव्या चॅनेलच्या पहिल्यावहिल्या चेहऱ्यांपैकी एक होत्या. आपल्याकडे सीएनबीसीची भारतीय वाहिनी आली डिसेंबर 1999 मध्ये.

नव्या चॅनेलचा योग
आपल्याकडे अर्थसंकल्प पूर्वी संध्याकाळी 5 वाजता मांडला जायचा, म्हणजे बाजार उठल्यावर. तेव्हाचे अर्थमंत्री यशवंत सिन्हा यांनी 1999 मध्ये तो सकाळी 11 वर आणला, आणि त्याच वर्षअखेरीस सीएनबीसीची भारतीय वाहिनी सुरू झाली. अर्थमंत्र्यांच्या तोंडून करवाढ ऐकू येते आणि पडद्याच्या कोपऱ्यात सेन्सेक्स गडगडतो, ते दृश्य या बदललेल्या वेळेमुळे दिसू लागलं. निर्मला सीतारामन यांचं 2020 चं अर्थसंकल्पाचं भाषण 2 तास 42 मिनिटं चाललं. इतका वेळ प्रत्येक वाक्यातून 'कोणत्या कंपनीचा फायदा' हे टिपत राहायचं म्हणजे खायचं काम नाही.

तिकडे दारं उघडली, इकडे रिंगण शांत झालं
साल 1995. न्यूयॉर्क स्टॉक एक्स्चेंजच्या फ्लोअरवर उभं राहून थेट प्रक्षेपण करणारी पहिली टीव्ही पत्रकार ठरली सीएनबीसीची मारिया बार्टिरोमो. आजूबाजूला ऑर्डरचे कागद नाचवत धावणारे ट्रेडर, त्यांचा आरडाओरडा, धक्काबुक्की, आणि या गर्दीत माइक धरून आकडे सांगणारी ही तरुणी. प्रेक्षकांनी बाजाराचा फ्लोअर इतक्या जवळून कधी पाहिला नव्हता.
त्याच वर्षी मार्चमध्ये मुंबईत बीएसईची 'बोल्ट' ही संगणक प्रणाली सुरू झाली. दलाल स्ट्रीटच्या रिंगणात हातवारे करत, ओरडून सौदे करण्याची पद्धत काही आठवड्यांत इतिहासजमा झाली. त्यामुळे आपल्या बिझनेस रिपोर्टरना गजबजलेलं रिंगण मिळालंच नाही. त्यांनी बाजाराची धडधड आकड्यांतून, ब्रोकरांच्या फोनमधून आणि डीलिंग रूममधून पकडली.

पंक रॉक गायकाचं बिझनेस अँकरवर गाणं
'रामोन्स' या पंक बँडचा गायक जोई रामोन याला शेअर बाजाराचा नाद होता. बार्टिरोमोचे कार्यक्रम तो न चुकता बघायचा. त्याने तिच्यावर एक गाणंच रचलं आणि नावही ठेवलं 'मारिया बार्टिरोमो'. तो एप्रिल 2001 मध्ये गेला. गाणं 2002 मध्ये, त्याच्या मृत्यूनंतर आलेल्या अल्बममध्ये प्रसिद्ध झालं.

फुगलेली बॅग, वाढलेले व्याजदर?
ॲलन ग्रीनस्पॅन अमेरिकेच्या फेडरल रिझर्व्हचे अध्यक्ष असतानाची ही गंमत. व्याजदर ठरवणारी बैठक असली, की सकाळी सीएनबीसीचा कॅमेरा त्यांच्या हातातल्या ब्रीफकेसवर रोखलेला असायचा. बॅग जाड म्हणजे आत कागदपत्रं भरपूर, म्हणजे व्याजदर बदलणार. बॅग बारीक असेल तर सगळं जैसे थे, असा तर्क. पुढे ग्रीनस्पॅन यांनी आपल्या आत्मचरित्रात खुलासा केला, की बॅगेची जाडी ठरायची ती त्यांनी घरून डबा आणलाय की नाही यावर!

मेजवानीतलं बोलणं, सोमवारची पडझड
ग्रीनस्पॅन यांच्यानंतर आलेल्या बेन बर्नान्के यांना एप्रिल 2006 मध्ये एक गोष्ट चांगलीच महागात पडली. व्हाइट हाऊसच्या वार्ताहरांच्या वार्षिक मेजवानीत बार्टिरोमोशी बोलताना ते म्हणून गेले, की संसदेतल्या आपल्या निवेदनाचा बाजाराने चुकीचा अर्थ काढला. सोमवारी, 1 मे रोजी, तिने ते चॅनेलवर सांगितलं आणि शेअर घसरले. त्याच महिन्यात बर्नान्के यांना सिनेटच्या समितीपुढे कबूल करावं लागलं, की आपला तारतम्याचा अंदाज चुकला. त्यात रिपोर्टरचं काही चुकलं नव्हतं. कानावर पडलेली बातमी तिने प्रेक्षकांपर्यंत पोहोचवली.

एका मिनिटात खेळ खल्लास
टीव्हीवर ऐकून शेअर घेतला तर फायदा होतो का? एमरी विद्यापीठाच्या जेफ्री बुसी आणि क्लिफ्टन ग्रीन या अभ्यासकांनी सीएनबीसीवर नाव घेतलेल्या शेअरचे भाव सेकंदासेकंदाने तपासले. 2002 मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्यांच्या अभ्यासानुसार, नाव उच्चारल्यावर काही सेकंदांतच भाव हलू लागत आणि चांगली बातमी मिनिटाभरात भावात पूर्ण उतरलेली असे. म्हणजे घरात बसलेला प्रेक्षक चहाचा कप खाली ठेवून फोन उचलेपर्यंत संधी निघून गेलेली!

'आता तळ गाठला'
मार्क हेन्स शिक्षणाने वकील, पण नाव झालं ते सीएनबीसीच्या 'स्क्वॉक बॉक्स' या सकाळच्या कार्यक्रमामुळे. पाहुणा गोलमोल बोलू लागला की ते त्याला सोडत नसत. 2009 च्या मार्चमध्ये बाजार रसातळाला गेला होता. 10 मार्चला हेन्स पडद्यावर म्हणाले, की मला वाटतं आपण तळ गाठलाय. आदल्याच दिवशी एसअँडपी 500 निर्देशांक 676.53 वर बंद झाला होता आणि तोच त्या मंदीचा तळ ठरला. वॉल स्ट्रीटवर तो 'हेन्स बॉटम' म्हणून ओळखला जातो. मे 2011 मध्ये हेन्स गेले, तेव्हा न्यूयॉर्क एक्स्चेंजच्या फ्लोअरवर त्यांच्यासाठी स्तब्धता पाळली गेली. पत्रकाराला याहून मोठा मान कोणता?

रिपोर्टर तापला, चळवळ उभी राहिली
सीएनबीसीचे रिक सँटेली मूळचे ट्रेडर. 19 फेब्रुवारी 2009 रोजी शिकागोच्या फ्लोअरवरून बोलताना, गृहकर्ज थकवणाऱ्यांना सरकारने मदत देण्यावर ते भडकले आणि 'शिकागो टी पार्टी' भरवण्याची हाक दिली. मागे उभ्या ट्रेडरांनी जोरदार दाद दिली. अमेरिकेच्या राजकारणाला हलवून टाकणाऱ्या 'टी पार्टी' चळवळीला त्या काही मिनिटांनी मोठा धक्कास्टार्ट दिला.

बाजार बंद, अँकर सुरू
लोकसभा निकालानंतरचा सोमवार, 18 मे 2009. बाजार उघडताच सेन्सेक्सला वरचं सर्किट, म्हणजे चढण्याची ठरलेली मर्यादा, लागलं आणि व्यवहार थांबले. पुन्हा सुरू झाले, पुन्हा सर्किट. दिवसभरात प्रत्यक्ष व्यवहार जेमतेम मिनिटभर झाले आणि सेन्सेक्स 2,110 अंकांनी वर! बाकी सगळा दिवस अँकरनी भाव न हलणाऱ्या पडद्यासमोर रंगवला.
13 मार्च 2020 ला उलटं घडलं. उघडताच खालचं सर्किट, 45 मिनिटं बाजार ठप्प, आणि संध्याकाळी सेन्सेक्स 1,325 अंकांनी वर बंद. 24 फेब्रुवारी 2021 ला तर एनएसईची यंत्रणाच तांत्रिक बिघाडाने अडली. व्यवहार दुपारी पावणेचारला पुन्हा सुरू झाले आणि बाजार 5 पर्यंत चालला. घरी जायच्या तयारीत असलेल्यांनी परत कानात इअरपीस घातला.

निकालाची ती दोन मिनिटं
कंपनीच्या संचालकांची बैठक बाजाराच्या वेळेत संपली, की तिमाही निकाल 30 मिनिटांत एक्स्चेंजला कळवावे लागतात. ती पीडीएफ साइटवर आली की रिपोर्टर भराभर पानं सरकवतो. विक्री किती, मार्जिन किती, नफा किती, विश्लेषकांचा अंदाज किती होता. पण खरा कस लागतो तो 'अपवादात्मक बाबी' या ओळीवर. नफा दुप्पट दिसतो, आणि ती ओळ वाचल्यावर कळतं की कंपनीने जमीन विकलीय, धंदा आहे तिथेच आहे. नफा दुप्पट झाल्याची घाई न करता जो आधी ही ओळ वाचतो, तो खरा रिपोर्टर.
त्यातच पाहुणा परदेशी फंड मॅनेजर असला तर तो बिलियनमध्ये बोलतो आणि प्रेक्षक कोटीत विचार करतात. 1 बिलियन म्हणजे 1 अब्ज, म्हणजे 100 कोटी. आणि डॉलर असतील तर वर रुपयाच्या भावाने गुणायचं. हे सगळं बोलता बोलता, मनातल्या मनात.

ओमाहाचं व्यासपीठ
वॉरन बफे यांच्या बर्कशायर हॅथवेची वार्षिक सभा ओमाहात भरते. भागधारकांनी पाठवलेल्या ढीगभर प्रश्नांतून निवडक प्रश्न पत्रकारांनी विचारायचे, ही प्रथा 2009 पासूनची. बफे यांना प्रश्न आधी दाखवले जात नसत. सीएनबीसीच्या बेकी क्विक यांनी हे काम वर्षानुवर्षं निगुतीने केलं. 3 मे 2025 च्या सभेत बफे यांनी वर्षअखेरीस सीईओपद सोडणार असल्याचं जाहीर केलं, तेव्हाही त्या तिथेच होत्या.

कुठून आले, कुठे गेले
सीएनबीसीचे जो केर्नन यांनी एमआयटीतून रेण्वीय जीवशास्त्राची पदव्युत्तर पदवी घेतली, मग ते शेअर ब्रोकर झाले आणि नंतर अँकर. 'मॅड मनी' गाजवणारे जिम क्रेमर हार्वर्डचे वकील, पण सुरुवात फ्लोरिडात गुन्हेगारीच्या बातम्या देण्यापासून. स्टीव्ह लीझमन यांच्या नावावर रशियातल्या आर्थिक संकटाच्या वार्तांकनासाठी सहकाऱ्यांबरोबरचं 1999 चं पुलित्झर आहे, आणि ते गिटारही झकास वाजवतात. आपल्याकडे सीएनबीसी-टीव्ही18 वर रोज सकाळी बाजाराचा सूर सांगणारे उदयन मुखर्जी कुमाऊँच्या डोंगरात राहायला गेले आणि कादंबरीकार झाले. बिझनेस चॅनेलवरच्याच मिताली मुखर्जी ऑक्सफर्डच्या रॉयटर्स इन्स्टिट्यूटपर्यंत पोहोचल्या. याच क्षेत्रातल्या गोविंदराज इथिराज यांनी आकडेवारीवर आधारित पत्रकारितेसाठी 'इंडियास्पेंड' उभारलं.

दिवाळीला सुट्टी नाही
लक्ष्मीपूजनाच्या दिवशी मुहूर्ताचे सौदे होतात. बीएसईत ही प्रथा 1957 पासूनची. त्या दिवशी स्टुडिओत झेंडूची तोरणं, अँकर पैठणीत किंवा कुर्त्यात. 2025 मध्ये हा तासाभराचा मुहूर्त संध्याकाळऐवजी दुपारी पावणेदोनला होता.

शब्द मोलाचा, म्हणून पहाराही
ज्यांच्या शब्दाने भाव हलतो, त्यांच्यावर नजर हवीच. क्रेमर आपली शेअर गुंतवणूक धर्मादाय ट्रस्टमधून करतात आणि तसं प्रेक्षकांना सांगतात. आपल्याकडे बाजार नियामक सेबीने जानेवारी 2021 मध्ये एका हिंदी बिझनेस शोच्या अँकरला अंतरिम आदेशाने बाजारातून दूर केलं. कार्यक्रमात शिफारस करण्याआधी घरच्यांच्या खात्यांतून ते शेअर घेतले गेले, असा आरोप होता. फेब्रुवारी 2024 मध्ये चॅनेलवर येणाऱ्या काही पाहुण्या तज्ज्ञांवरही अशाच स्वरूपाची कारवाई झाली. या मोजक्या प्रकरणांमुळे रोज इमानेइतबारे आकडे तपासणाऱ्या शेकडो पत्रकारांच्या कष्टांवर डाग पडतो, याचं वाईट वाटतं.

तेव्हा बिझनेस चॅनेल जरूर बघा. बातमी ऐका, निकाल समजून घ्या, अँकरने पाहुण्याला अडचणीचा प्रश्न विचारला तर मनातून शाबासकी द्या. फक्त टिप ऐकून लगेच ऑर्डर टाकू नका. आधी कंपनीचा निकाल एक्स्चेंजच्या साइटवर स्वतः वाचा आणि सल्ला घ्यायचाच असेल तर सल्लागाराचा सेबी नोंदणी क्रमांक तपासा. पैसे तुमचे आहेत, शेवटचा निर्णयही तुमचाच असू द्या.