अजगर घरसामानात मोडत नाही

अमेरिकेतला मुक्काम हलवून पुण्याला परत यायचं ठरलं की कंटेनरमध्ये काय भरायचं याच्या याद्या सुरू होतात. सोफा येणार, मिक्सर ठेवून जायचा, पुस्तकं थोडी वाटून टाकायची. मग कधीतरी मुलाच्या खोलीतल्या काचेच्या पेटीकडे लक्ष जातं. आत बॉल पायथन जातीचा अजगर. त्यावर ठरलेलं उत्तर येतं : ‘त्यात काय? रीतसर दुकानातून घेतलाय, पावती आहे. सामानाबरोबर येईल.’

हे वाक्य मी इतक्यांदा ऐकलं आहे की आता ऐकताना चेहरा सरळ ठेवणं जड जातं. बोलणारी माणसं अडाणी नसतात. व्हिसाच्या अर्जातला एकेक रकाना दोनदा तपासणारी असतात. सापाच्या बाबतीत मात्र दुकानाची पावती त्यांना पुरेशी वाटते. गाडीचं बिल खिशात आहे म्हणून लायसन्स लागत नाही, असं आपण हवालदाराला कधी सांगतो का?

या गैरसमजातला एक धागा मात्र खरा आहे. वन्य प्राणी-वनस्पतींच्या आंतरराष्ट्रीय व्यापाराचा सायटीस करार १९७३ साली वॉशिंग्टनमध्ये झाला, १९७५पासून अंमलात आला आणि १९७६मध्ये भारत त्यात सामील झाला. त्याच्या सातव्या कलमात वैयक्तिक आणि घरगुती वस्तूंसाठी सवलत आहे. कुणीतरी ती अर्धवट वाचतं आणि पुढे सांगत सुटतं. पण ही सवलत कशाला लागू होते ते त्या-त्या देशाच्या नियमांत लिहिलेलं असतं. अमेरिकेच्या नियमांनी जिवंत प्राणी त्यातून स्पष्ट शब्दांत वगळले आहेत. युरोपीय संघाच्या नियमात, म्हणजे १९९७च्या ३३८ क्रमांकाच्या नियमावलीत, ‘वैयक्तिक वस्तू’ची व्याख्याच मृत नमुने, त्यांचे भाग आणि त्यांच्यापासून बनवलेल्या गोष्टी अशी आहे. थोडक्यात, अजगराच्या कातडीचा पट्टा एखाद्या देशात सवलतीत बसेलही. जिवंत अजगर बसणार नाही. पट्टा अंडी घालत नाही, रोग पसरवत नाही आणि पळून जाऊन कुणाच्या जंगलात संसारही थाटत नाही.

करार ‘व्यापारा’चा आहे, आम्ही कुठे विकतोय, असंही विचारलं जातं. सायटीसच्या भाषेत सीमा ओलांडणं हाच व्यापार. विकायला नेता की मुलाच्या हट्टाखातर नेता, याने कागदाचा प्रकार बदलतो. कागद टळत नाही.

सगळ्या जातींचे अजगर सायटीसच्या यादीत आहेत. आपला भारतीय अजगर सर्वांत कडक अशा पहिल्या परिशिष्टात, बॉल पायथन दुसऱ्या परिशिष्टात. दुसरं परिशिष्ट म्हणजे बंदी नव्हे, पण निर्यात परवाना हवाच. इथे लगेच पुढचा मुद्दा येतो : ‘पण हा जंगलातला नाहीच, ब्रीडरकडे जन्मलाय!’ जन्मलाच असेल, अमेरिकेतले बहुतेक असेच असतात. त्यामुळे फरक पडतो तो परवान्यावरच्या अक्षरात. जंगलातून पकडलेल्याला एक अक्षर, पिढ्यान्‌पिढ्या बंदिवासात पैदास झालेल्याला दुसरं. ते अक्षर मिळवायला ब्रीडरचं लेखी निवेदन लागतं आणि तुमची ती लाडकी पावती इथे कामाला येते, अर्जासोबतचा पुरावा म्हणून. अर्ज यू. एस. फिश अँड वाइल्डलाइफ सर्व्हिसकडे करायचा. पाळीव प्राण्यांसाठी त्यांचा वेगळा फॉर्म आहे. परवाना सहा महिने चालतो. साप कुठल्याही विमानतळावरून पाठवता येत नाही, वन्यजीव तपासणीसाठी नेमलेल्या ठिकाणांवरूनच पाठवता येतो. न्यूअर्क आणि न्यूयॉर्क त्यात आहेत, त्यामुळे न्यू जर्सीकरांची निदान एवढी तरी सोय आहे.

हे झालं नुसतं निघायचं. खरी अडचण उतरताना आहे आणि त्याबद्दल कुणी विचारतच नाही.

कायमचे परतणाऱ्यांना पाळीव प्राणी बरोबर आणायची जी मुभा भारतात आहे, ती कुत्र्या-मांजरांसाठी आहे. ‘पेट अलाउड’ एवढंच वाचून तिकीट काढणाऱ्यांनी हे वाक्य पुन्हा वाचावं. सरपटणारे प्राणी आयात धोरणात ‘प्रतिबंधित’ गटात येतात. म्हणजे परकीय व्यापार महासंचालनालयाचा, बोली भाषेत डीजीएफटीचा, परवाना लागतो. पर्यावरण मंत्रालयाने जून २०२०मध्ये काढलेल्या सूचनेनुसार परदेशी जातींसाठी त्या अर्जाला राज्याच्या मुख्य वन्यजीव रक्षकांचं ना-हरकत प्रमाणपत्र जोडावं लागतं. महाराष्ट्राच्या बाबतीत ते कार्यालय नागपूरला. घर कोथरूडला, साप न्यू जर्सीत, कागद नागपुरात आणि दिल्लीत. त्यावर पशु क्वारंटाइन विभागाची आरोग्यविषयक तपासणी. हे सगळं प्राणी विमानात चढण्याआधी हातात हवं. ‘आधी येऊ दे, मग बघू’ इथे चालत नाही, कारण मागाहून परवाना द्यायचा नाही हेच सायटीसचंही धोरण आहे. म्हणून भारताच्या बाजूचे कागद हातात आल्याशिवाय अमेरिकेच्या सहा महिन्यांचं घड्याळ सुरू करू नये.

समजा सगळं जमलं आणि साप घरी पोचला. वन्यजीव संरक्षण कायद्यात २०२२मध्ये दुरुस्ती झाली आणि सायटीसच्या जातींसाठी स्वतंत्र प्रकरण आलं. त्याखालचे नियम फेब्रुवारी २०२४मध्ये निघाले. त्यानुसार असा जिवंत प्राणी ताब्यात आल्यापासून तीस दिवसांत पर्यावरण मंत्रालयाच्या ‘परिवेश’ पोर्टलवर नोंदवावा लागतो. पुढे तो दुसऱ्याला दिला किंवा मेला तरी कळवायचं. कागदावर रस्ता आहे, नाही असं नाही. फक्त तो मूव्हर्स-पॅकर्सच्या ट्रकचा नाही.

कागद नसतील तर प्राणी जप्त होतो आणि बऱ्याचदा आला त्या देशात परत पाठवला जातो. ‘आमच्या एका सापाला कोण विचारतंय’ म्हणणाऱ्यांसाठी : २०२५च्या जूनच्या सुरुवातीची मुंबई विमानतळाची बातमी आठवा. थायलंडहून आलेल्या प्रवाशाच्या सामानात ४७ विषारी साप निघाले होते. अशा बॅगा उघडणाऱ्या अधिकाऱ्याला तुमची हवेची भोकं पाडलेली पेटी दिसल्यावर तो ‘किती गोड’ म्हणेल, ही अपेक्षा सोडा.

आता बाकीचे गैरसमज, थोडक्यात.

‘बिअर्डेड ड्रॅगन सायटीसमध्ये नाही, तो मोकळा.’ सायटीसपुरताच. अमेरिकेतून नेताना वन्यजीव घोषणापत्र भरावंच लागतं आणि भारताचं ‘प्रतिबंधित’ हे परिशिष्ट बघून ठरत नाही. गंमत म्हणजे हा सरडा मुळात ऑस्ट्रेलियाचा. पण ऑस्ट्रेलिया कुठलाच सरपटणारा प्राणी पाळीव म्हणून आत घेत नाही आणि स्वतःचेही असे बाहेर जाऊ देत नाही. सिडनीहून येणाऱ्यांचा प्रश्न तिथेच संपतो.

‘एका देशात चालतं म्हणजे सगळीकडे चालतं.’ कॅनडा साप-सरड्यांसाठी आरोग्य परवाना मागत नाही, कासवासाठी मागतो (सायटीस अर्थात तिथेही आहेच). न्यूझीलंडमध्ये साप नाहीतच आणि त्यांना ते नकोच आहेत. सिंगापूरमध्ये बॉल पायथन, इग्वाना, स्टार कासव यांतलं काहीही घरी ठेवता येत नाही. लाल कानांचं स्लायडर कासव तिथे चालतं, तर युरोपीय संघाने तेच २०१६मध्ये आक्रमक जातींच्या यादीत टाकलं. आणि इंग्लंडमधून स्पेनला राहायला जाणारे २०२१च्या आधी जे कासव सहज नेत, त्यासाठी आता त्यांना दोन्ही बाजूंचे सायटीस कागद लागतात.

‘पेट पासपोर्ट काढू.’ युरोपचा पासपोर्ट कुत्रा, मांजर आणि फेरेट यांच्यासाठी. सायटीसचं तीन वर्षांचं मालकी प्रमाणपत्र असतं, पण ते सतत ये-जा करून मूळ देशी परतणाऱ्यांसाठी आहे, बिऱ्हाड हलवणाऱ्यांसाठी नाही.

‘साप महिनाभर न खाता राहतो, बॅगेत तेरा-चौदा तास काय होतंय.’ उपाशी तो राहीलच. त्याला मारते ती थंडी, कारण त्याचं शरीर स्वतः ऊब तयार करत नाही. विमानाने न्यायचा तर आयाटा या विमान कंपन्यांच्या आंतरराष्ट्रीय संघटनेच्या जिवंत प्राण्यांच्या नियमांप्रमाणे पेटी आणि तापमान सांभाळून कार्गोनेच.

‘इथलं स्टार कासव दुबईला नेऊ, लक्ष्मी आहे घरची.’ हे ऐकलं की मात्र संयम सुटतो. भारतात ते घरात ठेवणं हाच गुन्हा आहे, नेण्याची गोष्ट पुढची. चोरटा व्यापार इतका वाढला की २०१९मध्ये जिनिव्हाच्या सायटीस परिषदेत त्याला पहिल्या परिशिष्टात टाकावं लागलं. कुठलाही एजंट ‘करून देतो’ म्हणाला तर तो तुरुंगाचा रस्ता करून देतोय.

‘नाहीच जमलं तर तलावात सोडून देऊ.’ फ्लोरिडाच्या एव्हरग्लेड्समध्ये सुटलेल्या आणि सोडलेल्या बर्मी अजगरांनी सशांपासून रॅकूनपर्यंत सस्तन प्राण्यांचा फडशा पाडला आहे. नाहीच जमलं तर निघण्याच्या बऱ्याच आधी तिथल्याच हर्पेटॉलॉजिकल सोसायटीशी किंवा सरपटणाऱ्या प्राण्यांच्या पशुवैद्याशी बोला आणि घर शोधा. बॉल पायथन वीस-तीस वर्षं जगतो. घेणाऱ्याला हे आधी सांगा. तुम्हाला दुकानदाराने बहुतेक सांगितलं नसेल.