चाक धरून ठेवणारं घर्षण

काही गाड्यांमध्ये किल्ली काढली की स्टिअरिंग आपणहून वर उचललं जातं आणि डॅशबोर्डकडे आत सरकतं. उतरणाऱ्याच्या गुडघ्यांना वाट मोकळी होते. परत येऊन किल्ली लावली की ते बाहेर येतं, खाली झुकतं आणि आधी होतं नेमकं तिथेच थांबतं. 1989 साली आलेल्या लेक्सस एलएस 400 मध्ये अशी सोय होती. मर्सिडीज, बीएमडब्ल्यू, जॅग्वार यांच्या मोठ्या गाड्यांतही ती असते.

हे काम करतात दोन मोटरी. एक चाक वर-खाली करते, दुसरी मागे-पुढे. दोन्ही मुठीत मावतील एवढ्या. गाडी जुनी झाली की त्यातली एखादी थांबते आणि चाक अडकून बसतं, कधी छातीजवळ, तर कधी हात ताणावा लागेल इतकं दूर. मोटरचे भाग सुटे मिळत नाहीत म्हणून वर्कशॉपमध्ये अनेकदा अख्खा कॉलम बदलायला सांगतात. पण टेबलावर वर्तमानपत्र पसरून ही मोटर उघडली, तर बिघाड बहुतेकदा अगदी छोट्या भागात सापडतो. आणि उघडता उघडता एक थक्क करणारी गोष्ट उमगत जाते: ही सारी यंत्रणा घर्षणाच्या भरवशावर चालते. कुठे ते भरपूर लागतं, कुठे जवळजवळ नको असतं, कुठे ठरवून मधलं ठेवलेलं असतं. हे माप बिघडलं की मोटर बिघडते, आणि ते माप पुन्हा बसवणं म्हणजेच दुरुस्ती.

चाक सरकतं, दुवा तुटत नाही

सुरुवातीच्या मोटारी होडीच्या सुकाणूसारख्या आडव्या दांड्याने वळवत. 1894 च्या पॅरिस-रुआँ शर्यतीत आल्फ्रेद वाशरों या फ्रेंच माणसाने आपल्या पानहार्ड गाडीला गोल चाक बसवलं होतं. तेव्हापासून चालकाच्या शरीराशी या चाकाचं जमवून घेण्याचे प्रयत्न चालू आहेत. फोर्डच्या 1961 च्या थंडरबर्डमध्ये तर गाडी उभी असताना चाक हाताने बाजूला सरकवता येई.

चाक सरकलं तरी पुढच्या चाकांशी असलेला त्याचा संबंध क्षणभरही तुटता कामा नये. म्हणून स्टिअरिंगचा दांडा अखंड नसतो. एका नळीत दुसरी सळई सरकते आणि दोघींवर लांबीच्या दिशेने खाचा असतात. खाचांमुळे त्या एकमेकींत आत-बाहेर होऊ शकतात, पण एक फिरली की दुसरीला फिरावंच लागतं. कोन बदलला तर युनिव्हर्सल जॉइंट सांभाळून घेतो. हा सांधा सतराव्या शतकात रॉबर्ट हूक यांनी अभ्यासला होता. आपली मोटर या दांड्याला हातही लावत नाही. ती फक्त त्याच्याभोवतीचं कवच सरकवते. म्हणून ती बंद पडली तरी गाडी वळत राहते.

या कवचाला आणखी एक काम असतं. अपघातात चालकाच्या छातीवर आघात होऊ नये म्हणून कॉलमने दबून आत जायचं असतं. अमेरिकेत 1 जानेवारी 1968 पासून त्याबद्दलचे नियम लागू झाले. म्हणून घरी काम करणाऱ्याने कॉलम ज्या मोठ्या बोल्टांनी टांगलेला असतो, त्यांना हात लावू नये. स्टिअरिंगचं चाक काढू नये, कारण त्यात एअरबॅग असते. बॅटरीची निगेटिव्ह वायर काढून गाडीच्या मॅन्युअलमध्ये सांगितला तेवढा वेळ थांबावं आणि एअरबॅगच्या कनेक्टरना, जे बहुधा पिवळे असतात, मल्टिमीटर कधीच लावू नये. अनेक गाड्यांत गुडघ्यासमोरचं पॅनेल आणि कॉलमचं प्लॅस्टिक कव्हर काढलं की मोटर समोर दिसते आणि दोन-तीन स्क्रूंनी सुटते. चाक काढल्याशिवाय मोटर निघत नसेल, तर तिथे थांबावं आणि ते काम जाणकार मेकॅनिककडे द्यावं.

तीन मिलिमीटरचा चढ

समजा, मोटर मिनिटाला 3000 फेरे घेते. तिच्या दांड्यावर आटे पाडलेले असतात. हा वर्म. त्याच्याशी भिडलेलं दातेरी चाक 40 दात्यांचं असेल, तर वर्मच्या प्रत्येक फेऱ्याला ते एकच दाता पुढे जातं आणि मिनिटाला 75 फेरे घेतं. ते चाक एक लांब स्क्रू फिरवतं. स्क्रूचे आटे 3 मिलिमीटर अंतरावर असतील, तर त्यावरचा नट मिनिटाला 225 मिलिमीटर सरकेल, म्हणजे सेकंदाला पावणेचार. भिरभिरणाऱ्या मोटरमधून संथ आणि ताकदवान ढकल निघते ती अशी.

चाक पुढे आणल्यावर ते तिथे कोण धरून ठेवतं? मोटरचा वीजपुरवठा तर बंद झालेला असतो. ब्रेक नसतो, खिट्टी नसते. तरीही रस्त्यातल्या खड्ड्यांनी किंवा चालकाने उतरताना चाकावर टाकलेल्या भाराने कॉलम आत जात नाही.

उत्तर स्क्रूच्या आट्यांत आहे. स्क्रूचा व्यास 12 मिलिमीटर धरू. त्याचा एक आटा मनातल्या मनात उलगडून सरळ केला, तर सुमारे 38 मिलिमीटर लांबीवर 3 मिलिमीटर चढणारा उतार तयार होतो. इतक्या सौम्य उतारावर ठेवलेली वस्तू घसरायची की नाही, हे घर्षण ठरवतं. 3 भागिले 38 म्हणजे सुमारे 0.08. पृष्ठभागांमधला घर्षणांक याहून जास्त असेल, तर नट कितीही दाबला तरी स्क्रू उलटा फिरत नाही. वर्मच्या जागीही हाच हिशेब असतो, त्यामुळे कुलूप दुहेरी होतं. चकलीच्या स्क्रूच्या सोऱ्यात आपण हेच पाहतो: मूठ फिरवली की दट्ट्या खाली जातो, पण खालून दट्ट्या कितीही रेटला तरी मूठ फिरत नाही.

याची किंमत मोजावी लागते. आपलं आपण अडकून राहणाऱ्या स्क्रूची कार्यक्षमता 50 टक्क्यांच्या वर जाऊच शकत नाही. मोटरने दिलेल्या शक्तीतली निम्म्याहून जास्त शक्ती उष्णतेत जाते, आणि अभियंत्यांनी ते जाणूनबुजून स्वीकारलेलं असतं. या नुकसानीच्या बदल्यात चाक फुकटात जागेवर राहतं.

वर्मसारख्या आट्यांची युक्ती आपल्याकडे जुनीच आहे. कापसातली सरकी वेगळी करणाऱ्या भारतीय लाकडी चरखीत दोन लाट, म्हणजे रूळ, एकमेकांच्या उलट दिशांना फिरवण्यासाठी त्यांच्या टोकांना लाकडातच असे आटे कोरलेले असत.

कान लावून निदान

मोटर काढण्याआधी बटण दाबून ऐकावं. मोटर गुणगुणते पण चाक हलत नाही, तर विजेची बाजू ठीक आहे. प्लॅस्टिकचा गिअर, जोड किंवा नट यांचे दाते किंवा आटे गेलेत. काहीच आवाज नाही, तर आधी फ्यूज, मग स्विच, मग मोटरपर्यंत येणारी वायर तपासावी. चाक एकाच दिशेला जात असेल, तर संशय स्विचवर किंवा रिलेवर घ्यावा, कारण मोटर उलटी फिरवायला फक्त प्लस-मायनसची अदलाबदल लागते. मोटरच्या डब्यावर स्क्रू ड्रायव्हरच्या मुठीने हलकेच टकटक केल्यावर ती चालू झाली, तर फिरत्या भागाला वीज पोहोचवणारे कार्बन अडकलेत असं समजावं. खूप वेळ चाचणी घेत राहिल्यावर ती मेली आणि थंड झाल्यावर जिवंत झाली, तर तो बिघाड असेलच असं नाही. अनेक छोट्या मोटरींत तापमान वाढलं की प्रवाह रोखणारा भाग बसवलेला असतो.

मोटरच्या पोटात

उघडण्याआधी डब्यावर आणि झाकणावर मार्करने एक आडवी रेघ ओढून घ्यावी. आत दोनच चुंबक असतील आणि डबा अर्धा फिरवून बसला, तर उत्तर-दक्षिण ध्रुवांची अदलाबदल होते आणि मोटर उलटी पळते. हे चुंबक फेराइटचे, म्हणजे गंजाच्या भाऊबंदांपासून, लोखंडाच्या ऑक्साइडपासून, भट्टीत भाजून केलेले असतात. 1950 च्या दशकाच्या सुरुवातीला नेदरलँड्समधल्या फिलिप्सच्या प्रयोगशाळेत स्वस्त कायमचुंबक फेराइट तयार झालं. आज आरशापासून खिडकीपर्यंत प्रत्येक हालचालीला गाडीत वेगळी मोटर परवडते, त्यामागे या काळ्या ठिसूळ पट्ट्यांचा मोठा हात आहे. चुंबक आर्मेचरला, म्हणजे आतल्या फिरत्या भागाला, जोरात ओढतात, म्हणून ते घट्ट धरून सरळ काढावं.

आर्मेचरच्या टोकाशी तांब्याच्या तुकड्यांचं कडं असतं, तो कॉम्युटेटर. त्याच्यावर स्प्रिंगने दाबलेले दोन कार्बन घासत असतात. 1832 मध्ये विल्यम स्टर्जन यांनी कॉम्युटेटर वापरून मोटर फिरवली. सुरुवातीला त्यावर तांब्याच्या तारांचे झुबके घासत आणि ते कॉम्युटेटरलाच खात. 1885 मध्ये जॉर्ज फोर्ब्स यांनी तिथे कार्बन सुचवला आणि घर्षणाचा प्रश्न बराचसा मिटला.

पण कार्बन गुळगुळीत का? ग्राफाइटचे थर एकमेकांवर घसरतात म्हणून, असं आपण शाळेत शिकलो. दुसऱ्या महायुद्धात विमानं खूप उंचावर उडू लागली, तेव्हा त्यांच्या मोटरींचे कार्बन झपाट्याने झिजून त्यांची पूड होऊ लागली. कारण होतं तिथली कोरडी हवा. ग्राफाइट निसरडं राहायला हवेतली पाण्याची वाफ लागते, हे अमेरिकेतल्या आर. एच. सॅव्हेज यांच्या 1948 साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनातून स्पष्ट झालं. स्टिअरिंगखालची मोटर चालते त्यात आपण श्वासातून घेतो त्या हवेतल्या दमटपणाचाही वाटा आहे!

म्हणून कॉम्युटेटरवर चॉकलेटी रंगाचा एकसारखा थर दिसला, तर तो घासून काढू नये. कार्बन, ऑक्साइड आणि ओलावा यांनी मिळून तो घडवलेला असतो आणि तोच घर्षण कमी ठेवतो. काळी चिकट घाण मात्र आयसोप्रोपिल अल्कोहोल लावलेल्या कापसाने पुसावी. तांब्याच्या तुकड्यांमधल्या फटींत अडकलेली कार्बनची पूड लाकडी दातकोरण्याने काढावी, कारण तिच्यातून वीज वाहते. कार्बन आपल्या खोबणीत मोकळे सरकतात का, हे बघावं. ते पुरते झिजले असतील, तर विद्युत दुकानातून थोडा मोठा कार्बन आणून बारीक काचपेपरवर घासून मापाचा करता येतो.

मोडण्यासाठी ठेवलेला भाग

गिअर बहुतेक नायलॉनचा किंवा ॲसिटलचा असतो. ॲसिटल डेलरिन या नावाने 1960 मध्ये बाजारात आलं. प्लॅस्टिक का वापरलं, असा राग येतो. पण हे प्लॅस्टिक आवाज करत नाही, स्वतःच थोडं निसरडं असतं, आणि काही अडकलं तर मोटर जळण्याआधी बहुधा त्याचा दाता तुटतो. तो तुटला तर चिकटवून भागत नाही, ॲसिटलला गोंद नीट धरतच नाही. व्हर्निअरने व्यास मोजावा, दाते मोजावे आणि तसाच गिअर बनवून घ्यावा. कोल्हापूरच्या उद्यमनगरात किंवा पुण्याजवळ भोसरीत छोटे भाग घडवणारे कुशल हात आहेत. नायलॉनमध्ये थ्रीडी प्रिंटही होतं. पितळी गिअर टिकाऊ होईल, पण मग झटका सोसायला कच्चा दुवा उरत नाही, हे लक्षात ठेवावं.

जुनं ग्रीस हा दुसरा संशयित. त्यातलं तेल वर्षानुवर्षांत निघून जातं आणि ग्रीसला घट्टपणा देणारा साबण मेणासारखा कडक होऊन मागे राहतो. ते पूर्ण काढून प्लॅस्टिकला चालणारं ग्रीस पातळ हाताने लावावं. कॉम्युटेटरवर मात्र ग्रीसचा ठिपकाही जाता कामा नये. शेजारी-शेजारी असलेल्या दोन भागांची घर्षणाची गरज इतकी वेगळी असते.

मोटरला कसं कळतं?

मोटर जोडल्यावर गाडीत बसवण्याआधी एक प्रयोग जरूर करावा. तिच्या तारांना मल्टिमीटर लावून आर्मेचर बोटांनी फिरवावं. व्होल्टेज दिसतं! अशी फिरणारी प्रत्येक मोटर त्याच वेळी जनित्रही असते आणि आलेल्या विजेला विरोध करते. समजा, पुरवठा 12 व्होल्टचा आहे आणि वाइंडिंगचा रोध 2 ओहम. मोकळी फिरताना मोटर स्वतः 9 व्होल्ट तयार करत असेल, तर उरलेल्या 3 व्होल्टवर दीड अँपिअर प्रवाह वाहतो. कॉलम टोकाला जाऊन अडकला की फिरणं थांबतं, ते 9 व्होल्ट नाहीसे होतात आणि प्रवाह 6 अँपिअरवर उसळतो. ही उसळी पाहून कंट्रोल युनिट टोक आल्याचं ओळखू शकतं.

मधली जागा लक्षात ठेवायला अनेक मोटरींच्या दांड्यावर छोटं चुंबक आणि शेजारी हॉल सेन्सर असतो. एडविन हॉल यांनी 1879 मध्ये सोन्याच्या वर्खातून प्रवाह सोडून चुंबकाने तो बाजूला ढळतो हे दाखवलं. त्याच परिणामाने इथे मोटरचे फेरे मोजले जातात. बॅटरी काढल्यावर ही मोजणी कधी कधी हरवते. त्यामुळे दुरुस्तीनंतर चाक जुन्या जागी आलं नाही, तर घाबरू नये. अशा गाड्यांत ते दोन्ही टोकांपर्यंत पूर्ण नेऊन आणल्यावर, मॅन्युअलमध्ये सांगितलेल्या पद्धतीने, मोजणी नव्याने सुरू होते.

हे एकदा नीट समजलं की गाडीतल्या कितीतरी गोष्टी आपल्या होतात. पॉवर विंडोची काच बाहेरून दाबून खाली जात नाही, तीही वर्मच्या घर्षणामुळेच. वायपरच्या मोटरमध्येही बहुधा हाच फेराइट, हेच कार्बन आणि हाच वर्म असतो. तेव्हा यापैकी काही थांबलं, तर अख्खा संच फेकण्याआधी तो उघडून पाहा. घर्षणाचं माप कुठे चुकलंय, एवढाच प्रश्न विचारत गेलं तर उत्तर बहुतेकदा एका गिअरवर, दोन कार्बनवर किंवा बोटभर ग्रीसवर येऊन थांबतं. आणि ते उत्तर शोधताना स्टर्जन, फोर्ब्स, सॅव्हेज आणि हॉल यांनी जे पहिल्यांदा पाहिलं, ते आपल्याला स्वतःच्या हातांनी करून पाहता येतं.