वजन नुसते घटवू नका, उचलाही!

चालणे, आसने, उपवास सारे करूनही चाळिशीनंतर स्त्रीच्या अंगातले बळ का ओसरते? ते परत मिळवण्यासाठी घरच्या घरी काय करता येईल?

सकाळी सहाच्या सुमारास कोणत्याही शहरातल्या बागेत चक्कर मारा. साडीवर किंवा पंजाबी ड्रेसवर बूट चढवून झपझप चालणाऱ्या कितीतरी स्त्रिया दिसतील. कुणाला डॉक्टरांनी चालायला सांगितलेले असते, कुणाला रक्तातली साखर घाबरवत असते, तर कुणाला घरच्या लग्नाआधी चार-पाच किलो कमी करायचे असतात. चालणे चांगलेच आहे. त्याने हृदय बळकट होते, मन प्रसन्न राहते. पण यांतल्याच काही जणींना विचारून पाहा : जमिनीवर मांडी घालून बसल्यावर हाताचा टेकू न घेता उठता येते का? माळ्यावरचा पितळी डबा एकटीने खाली काढता येतो का? अनेकींचे उत्तर 'आता नाही जमत' असेच येईल.

याचे कारण साधे आहे. चालण्याने दम वाढतो, ताकद मात्र फारशी वाढत नाही. ताकद वाढवायची तर स्नायूंना ओझे द्यावे लागते, आणि ते हळूहळू वाढवावे लागते. पुरुषांच्या तालमीत हे सूत्र पिढ्यान् पिढ्या पाळले गेले. स्त्रियांच्या वाट्याला ते क्वचितच आले.

न दिसणारी झीज

तिशी ओलांडली की व्यायामाअभावी शरीरातील स्नायू दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्क्यांनी कमी होत जातात. साठीनंतर हा वेग आणखी वाढतो. वजनाच्या काट्यावर हे कळत नाही, कारण स्नायूंची जागा चरबी घेते आणि काटा तिथल्या तिथेच राहतो. 'माझे वजन तर लग्नात होते तेवढेच आहे,' असे म्हणणारी स्त्रीसुद्धा आतून अशक्त झालेली असू शकते. नुसते कमी खाऊन वजन उतरवले, तर चरबीबरोबर स्नायूही झिजतात.

हाडांचीही हीच कथा. साधारण तिशीपर्यंत हाडांची पुंजी साठत जाते. त्यानंतर जमा थांबते आणि खर्च सुरू होतो. भारतीय स्त्रियांची मासिक पाळी सरासरी ४६-४७व्या वर्षी थांबते. तेव्हा हाडांचे रक्षण करणारे इस्ट्रोजेन हे संप्रेरक एकदम घटते आणि पुढच्या पाच-सात वर्षांत हाडांची घनता १० ते २० टक्क्यांपर्यंत कमी होऊ शकते. हाडांचा हा ठिसूळपणा, म्हणजेच ऑस्टिओपोरोसिस, दुखत नाही की खुपत नाही. न्हाणीघरात पाय घसरतो, मनगट किंवा खुब्याचे हाड मोडते, तेव्हाच तो समजतो. खुब्याचे हाड मोडलेल्या अनेक वृद्ध स्त्रियांना पुन्हा पूर्वीसारखे चालता येत नाही. जिने आयुष्यभर घर चालवले, तिलाच पाणी प्यायलाही कुणाला तरी हाक मारावी लागते.

स्नायूंचे आणखी एक काम फारसे कुणाच्या लक्षात येत नाही. जेवणानंतर रक्तात येणाऱ्या साखरेचे सर्वांत मोठे गिऱ्हाईक म्हणजे आपले स्नायू. ते कमी झाले आणि वापराविना सुस्तावले, की साखर रक्तातच रेंगाळते. भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेच्या पुढाकाराने झालेल्या आणि २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या देशव्यापी पाहणीनुसार भारतात मधुमेहाचे सुमारे १० कोटी रुग्ण आहेत. अशा देशात स्नायू राखणे ही केवळ पहिलवानांची हौस राहत नाही.

नव्वदीतही ताकद वाढते

दिलासा देणारी गोष्ट म्हणजे ही झीज बऱ्याच अंशी रोखता येते, आणि त्यासाठी वयाची अट नाही. १९९० साली अमेरिकेतील बोस्टन येथे वृद्धाश्रमातल्या, सरासरी नव्वद वर्षे वयाच्या काही स्त्री-पुरुषांना आठ आठवडे पायांसाठी वजनाचे व्यायाम देण्यात आले. त्यांच्या मांड्यांची ताकद सरासरी पावणेतीन पट झाली! १९९४ साली तिथल्याच टफ्ट्स विद्यापीठाने ५० ते ७० वर्षांच्या स्त्रियांवर वर्षभर प्रयोग केला. आठवड्यातून दोन दिवस वजने उचलणाऱ्या स्त्रियांच्या खुब्याची व कण्याची हाडे सुमारे एक टक्क्याने दाट झाली. ज्यांनी हा व्यायाम केला नाही, त्यांची सुमारे दोन टक्क्यांनी विरळ झाली.

ऑस्ट्रेलियात तर ज्यांची हाडे आधीच विरळ झाली होती, अशा पाळी थांबलेल्या १०१ स्त्रियांवर प्रयोग झाला. त्यांतल्या निम्म्या जणींनी तज्ज्ञांच्या नजरेखाली, आठवड्यातून दोनदा फक्त अर्धा तास, चांगली जड वजने उचलली. २०१८ साली छापून आलेल्या अहवालानुसार आठ महिन्यांत त्यांच्या कण्याची घनता जवळजवळ तीन टक्क्यांनी वाढली. हाडावर ताण पडला की शरीर तिथे नवी भर घालते, हे त्यामागचे तत्त्व. जागतिक आरोग्य संघटनेनेही २०२० च्या मार्गदर्शक सूचनांत सर्व प्रौढांना आठवड्यातून किमान दोन दिवस स्नायू बळकट करणारे व्यायाम करायला सांगितले आहे.

'दिवसभर राबतोच की!'

'पाणी भरायचे, कणीक मळायची, धुणे वाळत घालायचे, मग वेगळा व्यायाम कशाला?' हा प्रश्न हमखास येतो. घरकामाने थकवा येतो, हे अगदी खरे. पण कळशी रोज तेवढ्याच वजनाची असते. स्नायूंना तेवढ्या ओझ्याची सवय होऊन गेलेली असते, म्हणून ते आणखी बळकट होत नाहीत. शिवाय ओट्यापाशी तासन् तास उभे राहून कंबर आणि खांदे एकाच बाजूने ताणले जातात. पूर्वी जाते, मुसळ, पाटा-वरवंटा यांनी थोडीफार भरपाई होत असे. मिक्सरने बाईचा वेळ वाचवला, पण ते कष्टही गेले. त्यांची जागा वीस-पंचवीस मिनिटांचा नेमका व्यायाम भरून काढू शकतो.

पुरुषी दिसण्याची भीती

वजने उचलली की दंड फुगतील, बांधा पुरुषी होईल, ही दुसरी शंका. स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांमध्ये पुरुषांपेक्षा कितीतरी पटींनी कमी असते. त्यामुळे आठवड्यातून दोन-तीनदा केलेल्या व्यायामाने दंड पिळदार पहिलवानासारखे होत नाहीत. ते घट्ट आणि सुडौल होतात.

मणिपूरच्या मीराबाई चानूकडे पाहा. उंची जेमतेम पाच फूट, वजन पन्नास किलोच्या आत. लहानपणी ती डोंगरातून सरपणाच्या मोळ्या वाहून आणत असे. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली तिने क्लीन अँड जर्क प्रकारात ११५ किलो, म्हणजे गव्हाच्या दोन पोत्यांहून अधिक वजन, डोक्यावर तोलून रौप्यपदक मिळवले. त्याआधी २००० साली सिडनीत, स्त्रियांच्या वेटलिफ्टिंगचा ऑलिंपिकमध्ये प्रथमच समावेश झाला, तेव्हा आंध्रच्या कर्णम मल्लेश्वरीने एकूण २४० किलो उचलून कांस्यपदक जिंकले. ऑलिंपिक पदक मिळवणारी ती पहिली भारतीय स्त्री. पुणे जिल्ह्यातल्या वडगाव मावळच्या हर्षदा गरुडने तर २०२२ साली कनिष्ठ गटाच्या जागतिक स्पर्धेत ४५ किलो वजनगटात सुवर्णपदक पटकावले. घरच्या स्त्रीला पदक मिळवायचे नाही, पण 'हे बायकांचे काम नाही' या समजुतीचे उत्तर या तिघींनी दिलेले आहे.

घरच्या घरी सुरुवात

जिमची फी भरायलाच हवी असे नाही. पाच मिनिटे जागच्या जागी चालून अंग गरम करा आणि पुढील सहा प्रकार करा :

१. उठबस : भक्कम खुर्चीवर बसा. हात छातीशी घडी घालून उठा आणि सावकाश बसा.

२. भिंतीवरचे जोर : भिंतीपासून हातभर दूर उभे राहून तळवे भिंतीला टेका. कोपरे वाकवून छाती भिंतीकडे न्या, मग मागे या. जमू लागले की ओट्याच्या कडेवर हात ठेवून करा.

३. पिशवी ओढणे : एक हात टेबलावर टेकून, पाठ सरळ ठेवून थोडे वाका. दुसऱ्या हातात दोन किलो तांदळाची पिशवी धरून कोपर कमरेपर्यंत वर ओढा.

४. बाटल्या वर उचलणे : पाण्याने भरलेल्या लिटरच्या दोन बाटल्या म्हणजे एकेक किलोचे डंबेल. त्या खांद्यापासून डोक्यावर न्या.

५. कंबर उचलणे : उताणे झोपून गुडघे दुमडा आणि कंबर वर उचला. क्षणभर थांबून खाली आणा.

६. टाचा उचलणे : भिंतीचा आधार घेऊन चवड्यांवर उभे राहा, सावकाश खाली या.

प्रत्येक प्रकार १० ते १२ वेळा करा, मिनिट-दोन मिनिटे थांबा आणि पुन्हा एकदा करा. आठवड्यातून दोन किंवा तीन दिवस पुरेत. मध्ये एक दिवस विश्रांती हवीच, कारण स्नायू विश्रांतीतच भरून येतात. बारा वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवा. वर्षभर एक किलोची बाटलीच उचलत राहिलात, तर कळशीचीच गत होईल. उचलताना श्वास सोडा, खाली आणताना घ्या. श्वास कोंडून ठेवू नका.

ही काळजी घ्या

रक्तदाब आटोक्यात नसेल, हृदयविकार, हर्निया किंवा अंग बाहेर येण्याचा त्रास असेल, नुकतीच शस्त्रक्रिया झाली असेल, दिवस गेलेले असतील किंवा पूर्वी हाड मोडलेले असेल, तर आधी डॉक्टरांना विचारा. हाडे ठिसूळ असल्याचे निदान झालेल्यांनी जड वजने फिजिओथेरपिस्ट किंवा जाणत्या प्रशिक्षकासमोरच उचलावीत. सुरुवातीला एक-दोन दिवस अंग ठणकणे स्वाभाविक आहे. सांध्यात तीव्र कळ येणे, छातीत दुखणे किंवा चक्कर येणे मात्र स्वाभाविक नाही. तसे झाल्यास लगेच थांबा आणि डॉक्टरांना दाखवा.

ताटातही बळ हवे

स्नायू बांधायला प्रथिने लागतात. भारतीय शिफारशीनुसार शरीराच्या प्रत्येक किलोमागे रोज सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ५५ किलोच्या स्त्रीला साधारण ४५ ग्रॅम. वाटीभर घट्ट वरणातून ६-७ ग्रॅम मिळतात, पेलाभर दुधातून आठ, एका अंड्यातून सहा. पण घरातली स्त्री बहुधा सर्वांच्या शेवटी जेवते. तोवर वरणाच्या पातेल्यात पाणीच अधिक उरलेले असते, उसळ संपलेली असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१ मधील फेरीत १५ ते ४९ वयाच्या ५७ टक्के स्त्रियांमध्ये रक्तक्षय आढळला. सतत दम लागत असेल, तर व्यायामाआधी हिमोग्लोबिन तपासून घ्या.

म्हणूनच हा विषय एकट्या गृहिणीचा नाही. आठवड्यातले दोन दिवस अर्धा तास स्वयंपाकघर दुसऱ्या कुणी सांभाळावे, तिच्या वाटणीची उसळ आधी बाजूला काढून ठेवावी, एवढे घरच्यांना सहज जमण्यासारखे आहे. सोबत सासूबाई खुर्चीवरची उठबस करू शकतात, कॉलेजात जाणारी मुलगी बाटल्या उचलू शकते. मुलीची हाडांची पुंजी साठेल, आईची टिकेल आणि आजी स्वतःच्या पायांनी देवदर्शनाला जाऊन येईल.