काताचे नाव आणि कातकऱ्यांचे रान

रायगड जिल्ह्याच्या अंतर्भागात, उल्हास नदीच्या खोऱ्यातील कर्जत आणि पाताळगंगेच्या खोऱ्यातील खालापूर या तालुक्यांत, सह्याद्रीच्या पायथ्याशी कातकरी समाजाच्या वाड्या विखुरलेल्या आहेत. कातकरी किंवा काथोडी हे या समाजाचे नाव ज्या पदार्थावरून पडले, तो कात म्हणजे खैराच्या गाभ्यातून उकळून काढलेला अर्क होय.

झाडांपासून मिळणाऱ्या चिकट द्रव्यांना व्यवहारात सरसकट दिंक म्हटले जात असले, तरी त्यांचे प्रकार भिन्न आहेत. धावडा, बाभूळ किंवा खैर यांच्या सालीला जखम झाली की पाझरून वाळणारा खरा दिंक पाण्यात विरघळतो, तर कांडोळाचा दिंक पाणी शोषून फुगतो. राळ पाण्यात न विरघळता मद्यार्कात विरघळते. आणि गुग्गुळ, हिंग व सालईचा दिंक यांत हे दोन्ही घटक एकत्र असतात. म्हणूनच त्यांचे उपयोगही वेगळे आहेत: बाळंतिणीच्या लाडवांत धावड्याचा किंवा बाभळीचा दिंक तुपात फुलवून घालतात, फुगणारा कांडोळाचा दिंक पोट साफ होण्यासाठी देतात, पळसाचा तांबडा, तुरट दिंक अतिसारावर वापरतात, तर सालईचा दिंक सांधेदुखीवर उपयोगी मानला जातो.

कात या सर्वांहून निराळा आहे, कारण तो झाडातून आपोआप पाझरत नाही. खैर तोडून, बाहेरचे पांढरे लाकूड काढून टाकून, तांबड्या गाभ्याच्या ढलप्या मडक्यांत पाण्यासह दीर्घकाळ उकळतात. गाळलेला काढा पुन्हा आटवून दाट केला आणि निवू दिला की कात थिजतो. त्यातील कॅटेचिन या द्रव्याचे शास्त्रीय नावही काताच्याच लॅटिन नावावरून आले आहे. तोंड आले असता किंवा हिरड्या सुजल्या असता कात लावण्याची रीत याच्या तुरटपणावर आधारलेली आहे, कारण तुरट द्रव्ये त्वचेतील प्रथिनांशी जोडली जाऊन ऊती आकुंचित करतात. चरकसंहितेत कुष्ठ म्हणजे त्वचारोगांवरील द्रव्यांत खदिराला, म्हणजे खैराला, अग्रस्थान दिलेले असून खदिरारिष्ट व खदिरादी वटी ही औषधे आजही प्रचलित आहेत.

या कौशल्याचे धनी मात्र त्यापासून दुरावले. वसाहतकाळात जंगले राखीव झाली आणि खैर तोडण्यावर निर्बंध आले; 1927 च्या भारतीय वन कायद्याने तर वनोपजांच्या व्याख्येत काताचा नामनिर्देश केला, त्यामुळे तो कुठेही मिळालेला असला तरी वनोपजच ठरला. पुढे कोळशाच्या आणि विटांच्या भट्ट्यांवरील हंगामी मजुरी हाच अनेक कुटुंबांचा आधार झाला, आणि आज हा समाज महाराष्ट्रातील विशेष असुरक्षित आदिम जमातींपैकी एक गणला जातो.

2006 च्या वनहक्क कायद्याने वनस्पतीजन्य गौण वनोपज गोळा करण्याचा, वापरण्याचा व विकण्याचा हक्क मान्य केला आहे. जिवंत झाडाला न मारता मिळणारा दिंक त्यात बसतो. खैराचे लाकूड बसत नाही, आणि कातासाठी झाड तोडावेच लागते. पण याच कायद्यात सामूहिक वनाचे रक्षण व पुनरुज्जीवन करण्याचा हक्कही आहे. तो हक्क कर्जत-खालापूरच्या वाड्यांना प्रत्यक्ष मिळावा, त्या रानात खैर लावले आणि राखले जावेत, आणि काताचे ज्ञान ज्यांच्या नावात टिकले आहे त्यांनाच त्या रानाचा पहिला लाभ व्हावा.