सागरतीरावरचा मुक्काम आणि सूर्यास्ताची मर्यादा

नरखेड तालुक्यातील व्यापारी परिवारांचे वर्ष संत्र्याच्या बहरांनी मोजले जाते. आंबिया बहराचा माल दिवाळीच्या आगेमागे बाजारात येतो आणि डिसेंबरअखेर ओसरतो. मृग बहराची फळे फेब्रुवारीच्या सुमारास उतरू लागतात. या दोहोंमधील, नाताळच्या सुटीपासून मकरसंक्रांतीपर्यंतचे थोडे दिवस दुकानाला आणि अडतीला जरा उसंत देतात. पूर्वी या दिवसांत मुक्तागिरी, रामटेक किंवा शिरपूरच्या अंतरिक्ष पार्श्वनाथाची यात्रा ठरलेली असे. आता घरातील तरुण पिढीला समुद्र खुणावतो. नागपूर-मुंबई समृद्धी महामार्ग ५ जून २०२५ रोजी पूर्णपणे खुला झाला आणि ७०१ किलोमीटरचा हा पल्ला दिवसाउजेडी पार करणे शक्य झाले. त्यामुळे काशीद, नागाव, दिवेआगर, गुहागर, तारकर्ली ही नावे विदर्भातील घरांतही सहज उच्चारली जाऊ लागली आहेत. तेथे हॉटेलात न राहता सुरूच्या बनात तंबू ठोकून राहावे, किंवा कॅराव्हॅन म्हणजे चाकांवरचे घर भाड्याने घेऊन निघावे, अशी नवी आवड रुजते आहे.

मात्र बेत ठरवताना घरोघरी एक प्रश्न उभा राहतो. सूर्यास्तापूर्वी जेवण कोठे होईल? पाणी गाळून कसे घ्यायचे? शेजारच्या तंबूत सामिष शिजत असेल तर काय करायचे? या प्रश्नांना उत्तर नसले की आजी-आजोबा हळूच म्हणतात, "तुम्ही जाऊन या, आम्ही घर सांभाळतो." तरुण निघून जातात, वडीलधारे मागे राहतात आणि जी सहल कुटुंबाला एकत्र आणण्यासाठी आखली, तीच कुटुंबाचे दोन भाग करते. ज्या नियमांमुळे आजी मागे राहते, ते नियम सागरतीरावर खरोखरच अडचणीचे आहेत काय, याचा शांतपणे विचार व्हावयास हवा.

तंबू परका नाही

जैन समाजाला तंबूचा मुक्काम नवीन नाही. छ'री पालित संघ निघतो तेव्हा शेकडो यात्रिक पायी चालतात, एक वेळ आहार घेतात, भूमीवर निद्रा घेतात आणि गावोगावी तंबूंच्या पडावात उतरतात. मोकळ्या आकाशाखाली संयमाने कसे राहावे, याची ही जुनी शाळाच आहे. नित्याच्या चौदा नियमांकडे पाहावे. त्यांत द्रव्य, वस्त्र, वाहन, शयन, दिशा, स्नान यांची मर्यादा सकाळीच ठरवून घ्यायची असते. तंबूच्या मुक्कामाला निघणाऱ्या कुटुंबाने सामानाची यादी करताना याहून वेगळे प्रश्न विचारण्याची गरज नाही. किती वस्त्रे, किती अंथरुणे, कोणत्या दिशेला किती दूर जायचे, पाणी किती वापरायचे, एवढे ठरले की अर्धी तयारी झाली. तंबूत जागा थोडी असते आणि जादा आणलेली प्रत्येक वस्तू रात्री पायात येते.

पहिल्या रात्रीचा अनुभव

प्रथमच किनाऱ्यावर राहणाऱ्यांचे अनुभव पुष्कळसे सारखे असतात. दुपारी तंबू भट्टीसारखा तापतो, म्हणून सावलीची जागा मोलाची ठरते. पहाटे दवाने कापड ओथंबते आणि बाहेर ठेवलेले कपडे ओले होतात. वाळू अंथरुणात, डब्यात आणि मोटारीच्या आसनांवर पोहोचते. खारा वारा भांड्यांवर बसतो. वाळूत साधी खुंटी टिकत नाही. ती लांब असावी लागते आणि तिरपी खोल पुरावी लागते. दिवसभर कानांना गोड वाटलेली लाटांची गाज रात्री इतकी मोठी वाटते की मुले दचकून उठतात. विदर्भाच्या पठारावर वाढलेल्या माणसाला पाणी आपल्याकडे चालून येत आहे असा भास होतो. पुष्कळदा तो भास नसतोही.

तिथीची पाऊणकी

समुद्राला दिवसातून दोनदा भरती येते आणि दररोज ती सुमारे पन्नास मिनिटे, म्हणजे जवळजवळ एका मुहूर्ताने, पुढे सरकते. कोकणातील जुनी माणसे यासाठी एक सोपा हिशेब करतात. तिथीची पाऊणपट केली की भरतीची वेळ मिळते. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा आणि चतुर्दशीला साडेदहा. पंचांग पाहूनच दिवस सुरू करणाऱ्या आणि पाऊणकीचा पाढा पाठ असलेल्या व्यापारी घरांना हे गणित शिकवावे लागणार नाही. हा अंदाज आहे. ठिकाणानुसार वेळ मागेपुढे होते, म्हणून तेथील कोळी बांधवांना विचारून खात्री करावी.

अष्टमीच्या आसपास भांगाची, म्हणजे सौम्य भरती असते. अमावास्या आणि पौर्णिमेला उधाण येते. चांदणे पाहण्याच्या हौसेने पर्यटक नेमके पौर्णिमेच्या सुमारास येतात. चतुर्दशीला सायंकाळी साडेचारच्या सुमारास समुद्र खूप मागे गेलेला दिसतो आणि ओल्या, सपाट वाळूवर सतरंजी अंथरण्याचा मोह होतो. रात्री साडेदहाला त्याच जागेवर पाणी असते. म्हणून वाळवलेले शेवाळ, काटक्या आणि शिंपले यांची जी रेघ किनाऱ्यावर उमटलेली असते, ती भरतीरेषा ओळखून तिच्या बऱ्याच वर तंबू असावा. सागरी किनारा नियमन क्षेत्राच्या २०१९ च्या अधिसूचनेतही किनाऱ्यावरील तात्पुरत्या पर्यटन सुविधांसाठी भरतीरेषेपासून किमान १० मीटर अंतराची अट आहे.

पाण्याचे सामर्थ्य या तालुक्याला कोणी सांगण्याची आवश्यकता नाही. ३० जुलै १९९१ रोजी वर्धा नदीच्या पुराने मोवाड गाव उद्ध्वस्त झाले आणि दोनशेहून अधिक माणसे गेली. ज्या घरांत ती आठवण जिवंत आहे, तेथील वडीलधारी मंडळी मुलांना पाण्याजवळ सैल सोडत नाहीत आणि तरुणांना ते भित्रेपण वाटते. समुद्रावर मात्र तीच दृष्टी उपयोगी पडते. ओहोटीचे पाणी पोहणाऱ्याला आत ओढते. किनाऱ्याकडून समुद्राकडे वाहणाऱ्या ओढीत सापडलेल्याने सरळ किनाऱ्याकडे झुंजत न राहता किनाऱ्याला समांतर बाजूला सरकावे, असे जाणकार सांगतात. अंधारात ही ओढ दिसत नाही, बुडणारा दिसत नाही आणि मदतीलाही कोणी जवळ नसते.

येथेच चौविहाराचा नियम आपले काम करतो. ज्या परिवाराला सूर्यास्तापूर्वी जेवायचे आहे, तो सूर्यास्ताच्या तासभर आधी पाण्याबाहेर येतो. मुले अंग धुतात, पंगत बसते, मोजदाद आपोआप होते. आजीने "चला, वेळ झाली" म्हणून मारलेली हाक ही किनाऱ्यावरील सर्वांत भरवशाची सूचना ठरते.

घड्याळ तेच, सूर्य वेगळा

नियम पाळणाऱ्यांनी एक गोष्ट ध्यानी ठेवावी. कोकणचा किनारा नरखेडच्या पश्चिमेला सुमारे पाच अंश आहे. जानेवारीत तेथे सूर्यास्त आपल्याकडच्यापेक्षा सुमारे अर्धा तास उशिरा होतो आणि सूर्योदयही दहा ते वीस मिनिटे उशिरा होतो. घरच्या पंचांगातील वेळ धरून चौविहार केला तर बिघडत नाही. पण नवकारसी घरच्या वेळेने पाळली तर ती वेळेआधीच मोडते. म्हणून तेथील स्थानिक वेळ आधीच लिहून न्यावी.

आहाराचा प्रश्न वाटतो तितका कठीण नाही. खाखरा, ठेपले, मुगाचे पापड, कोरडी चटणी सोबत असावी. स्वतःची भांडी, गरणे आणि पाणी उकळण्याची सोय असावी. कोकणात तांदळाचे घावन, ओले खोबरे, शहाळे, कोकम सरबत सहज मिळते. सोलकढीत बहुधा लसूण असते, म्हणून आधी सांगावे लागते. स्वयंपाक मोकळ्या हवेत व्हावा. बंद तंबूत शेगडी किंवा निखारे ठेवणे प्राणघातक आहे. त्यांतून निघणारा वायू वासाने कळत नाही.

दिवा मालवण्याचे पुण्य

किनाऱ्यावरील रात्र रिकामी नसते. नोव्हेंबर ते मार्च या काळात ऑलिव्ह रिडले जातीची मादी कासवे कोकणच्या अनेक किनाऱ्यांवर रात्री येतात, वाळूत खड्डा करून शंभराच्या आसपास अंडी घालतात आणि परत जातात. सुमारे दीड ते दोन महिन्यांनी पिल्ले बाहेर पडतात आणि जिकडे अधिक उजेड दिसतो तिकडे धावतात. मोकळ्या किनाऱ्यावर उजेड समुद्राच्या बाजूला असतो. तंबूंच्या दिव्यांनी तो जमिनीच्या बाजूला आला, तर ती पिल्ले उलट्या दिशेने जातात आणि मरतात. वाळूवर धावणारी मोटार पुरलेली अंडी चिरडते. वन्यजीव संरक्षण अधिनियम १९७२ च्या पहिल्या अनुसूचीत या कासवाला संरक्षण आहे.

रत्नागिरी जिल्ह्यातील मंडणगड तालुक्यात वेळास गावाने याचा वस्तुपाठ दिला. चिपळूणच्या सह्याद्री निसर्गमित्र संस्थेने २००२ मध्ये येथे काम सुरू केले. पूर्वी जी अंडी चोरीला जात, ती ग्रामस्थ आता संरक्षित जागेत सांभाळतात आणि पिल्ले समुद्रात सोडली जातात. ती पाहण्यासाठी येणारे पाहुणे गावातील घरांत उतरतात. जीवदयेतून गावाला उत्पन्न मिळाले, हा हिशेब व्यापारी मनाला सहज पटेल.

रात्रिभोजनत्यागाच्या मुळाशी दिव्याभोवती येणाऱ्या सूक्ष्म जीवांचा विचार आहे. जेवण उजेडात आटोपले की रात्री मोठ्या दिव्याची गरजच उरत नाही. एक लहान विजेरी पुरते. शेकोटी, ध्वनिक्षेपक, जनित्र यांवाचून रात्र सामायिक-प्रतिक्रमणात आणि गप्पांत उत्तम जाते. कॅलिफोर्नियाच्या राज्य उद्यानांत तंबू व कॅराव्हॅनसाठी क्रमांकित जागा असतात आणि रात्री दहा ते सकाळी सहा शांतता सक्तीची असते. आपल्याकडेही २०२५ मध्ये श्रीवर्धन, नागाव, पर्णका, गुहागर आणि लाडघर या किनाऱ्यांना 'ब्लू फ्लॅग' मानांकन मिळाले. त्याच्या निकषांत किनाऱ्यावर विनापरवाना तंबू आणि वाहने यांना मनाई आहे. म्हणून तंबू वाळूवर नव्हे, तर किनाऱ्यालगतच्या अधिकृत आवारात किंवा एखाद्या वाडीत ठोकावा.

चाकांवरच्या घराचा हिशेब

महाराष्ट्र शासनाने २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटनाचे धोरण स्वीकारले. वाहन उभे करण्यासाठी पाणी, वीज आणि स्वच्छतागृह असलेली कॅराव्हॅन पार्क उभारली जावीत, हा त्यामागील हेतू. जैन परिवाराला या वाहनाचे आकर्षण साहजिक आहे. स्वतःचे पाकगृह, स्वतःचे पाणी, वृद्धांना पलंग आणि जवळच शौचालय मिळते.

तरी खरेदीचा मोह आवरावा. समजा, ३० लाख रुपये गुंतवले आणि व्याजाचा दर ९ टक्के धरला, तर वर्षाचे व्याज २ लाख ७० हजार होते. वर्षातून १५ दिवस वापर झाला, तर केवळ व्याजच दिवसाला १८ हजार रुपये पडते. विमा, घसारा, चालक आणि दुरुस्ती वेगळी. वर्षातून पंधरा दिवस खपणारा माल कोणताही व्यापारी दुकानात भरून ठेवत नाही. वाहन भाड्याने घ्यावे आणि घेताना कोकणातील अरुंद घाटरस्ते ध्यानात घ्यावेत. सांडपाणी उघड्यावर सोडू नये, हाही अहिंसेचाच भाग आहे.

आजीला सोबत घेऊन

पहिला प्रयोग समुद्रावर करण्याची घाई नको. रामटेकजवळ खिंडसीचा जलाशय आहे आणि रामटेकला शांतिनाथ भगवंतांचे दिगंबर जैन अतिशय क्षेत्रही आहे. दर्शन घेऊन जलाशयाच्या परिसरात एक रात्र काढली की कोणाला जमिनीवर झोप येते, कोणाला रात्री उठावे लागते, कोणते सामान विनाकारण आणले, हे सगळे कळून येते. जागा ठरवताना चार प्रश्न आधीच विचारावेत: तंबू भरतीरेषेपासून किती वर आहेत, सूर्यास्तापूर्वी स्वतंत्र भांड्यांत निरामिष भोजन मिळेल काय, रात्री ध्वनिक्षेपक बंद असतो काय आणि वृद्धांसाठी शौचालय किती जवळ आहे. ज्याच्याकडे या चारही प्रश्नांची सरळ उत्तरे आहेत, तेथे सर्वच वयाची माणसे सुखाने राहू शकतात.

चातुर्मासात श्रावक आपला प्रवास आटोपता घेतो. त्याच पावसाळ्यात समुद्र खवळलेला असतो आणि मासेमारीच्या नौकाही बांधून ठेवलेल्या असतात. सूर्यास्तापूर्वी श्रावक मुखशुद्धी करून उठतो. त्याच वेळी पाण्यातून बाहेर येणे शहाणपणाचे असते. पूर्वजांनी हे नियम समुद्र पाहून केले नव्हते, जीवमात्राकडे पाहून केले होते. म्हणून पुढच्या खेपेस बेत ठरेल तेव्हा सामानाच्या यादीत पहिले नाव आजीचे असावे आणि मुक्कामाचे वेळापत्रकही तिनेच सांगावे.