घरच्या ताज्या अंड्याचें टरफल कां सुटत नाहीं ?

बाजारचें अंडें उकडलें असतां टरफल सहज निघतें. घरच्या कोंबडीचें सोलावयास घेतलें म्हणजे निम्मा पांढरा भाग टरफलाबरोबर जातो, अशी तक्रार कोंबड्या पाळणारांकडून आम्ही वारंवार ऐकतों. पुष्कळजण त्यावरून कोंबडीच्या जातीस अगर खाद्यास दोष देतात. आमच्याहि घरीं पाहुण्यांसाठीं त्याच सकाळचीं वीस अंडीं मोठ्या अभिमानानें उकडलीं, तीं ताटांत आलीं उंदरांनीं कुरतडल्यासारखीं ! त्या दिवशीं आम्हींहि कोंबड्यांनाच बोल लाविला. तो अन्याय होता; दोष ताजेपणाचा होता.

नुकत्याच घातलेल्या अंड्याच्या पांढऱ्या भागांत कार्बन डायऑक्साइड वायु विरघळलेला असतो. त्यामुळें त्या भागाचा क्षारपणा कमी राहतो व उकडतांना तो टरफलाच्या आंतील पापुद्र्यास घट्ट चिकटतो. टरफलास हजारों सूक्ष्म छिद्रें असतात. त्यांतून हा वायु दिवसेंदिवस बाहेर पडतो, क्षारपणा वाढतो आणि चिकटणें कमी होतें. बाजारच्या अंड्यांत हें सर्व वाटेंतच घडून गेलेलें असतें.

म्हणून उकडावयाचीं अंडीं थंडीच्या दिवसांत आठवडाभर गार, सावलीच्या जागीं ठेवावीं. उन्हाळ्यांत मात्र तीन-चार दिवसांपलीकडे जाऊं नये. कळपांत कोंबडा असेल तर अंड्यांतील गर्भ उष्म्यानें वाढूं लागतो. ठेवण्यापूर्वीं अंडीं धुऊं नयेत, कारण टरफलावरील नैसर्गिक लेप निघून जातो. तीं उकडतेवेळीं धुवावीं आणि तडकलेलीं वगळावीं.

ताजींच उकडणें भाग असेल, तर सर्व भिस्त आधणावर. गार पाण्यांत अंडीं घालून भांडें चुलीवर चढविण्याची आमच्या घरची रीत आम्हीं सोडली. पांढरा भाग हळूहळू तापला म्हणजे पापुद्र्यास धरून घट्ट होतो. एकदम चटका बसला तर आक्रसून सुटा राहतो. पाण्यास खळखळून आधण येऊं द्यावें, मग डावानें अंडीं हलकेच सोडून आंच मंद करावी. गांवठी कोंबडीच्या लहान अंड्यास नऊ-दहा मिनिटें, मोठ्यास अकरा-बारा मिनिटें पुरतात. फार वेळ ठेवल्यास बलकाभोंवतीं हिरवट कडें धरतें. पांढऱ्या भागांतील गंधक व बलकांतील लोह यांच्या संयोगानें तें होतें. तें विषारी नव्हे, पण चव बिघडते. पाण्यांत मीठ घातल्यानें टरफल सुटतें हा निव्वळ समज आहे. अंडें तडकलें तर बाहेर येणारा पांढरा भाग मिठानें लवकर गोठतो, एवढाच त्याचा उपयोग.

उतरवितांच अंडीं गार पाण्यांत घालून तें पाणी एकदोनदां बदलावें. मग बोथट टोंक पाट्यावर आपटावें. हवेची पोकळी तेथेंच असते. अंडें लोळवून सर्वत्र चिरा पाडाव्या आणि पाण्यांत धरून त्या पोकळीच्या बाजूनें पापुद्र्याखालीं अंगठा घालावा. पापुद्रा हातीं आला कीं टरफल त्याच्यासह निघतें. नुसतें टरफल टोकरीत बसणाराचें अंडें खरवडलेंच जाणार. सोललेलीं अंडीं लगेच खावीं, उन्हाळ्यांत तर उघड्यावर मुळींच ठेवूं नयेत.

राहिलेलीं टरफलें वाळवून, बारीक कुटून कोंबड्यांस घालावीं. त्यांस चुना मिळतो. अख्खीं मात्र टाकूं नयेत, नाहींतर कोंबड्यांस स्वतःचींच अंडीं फोडून खाण्याची खोड लागते.